डाव्या हाताची मूठ

लेस

सुरुवात बुटाच्या लेसपासून झाली. सकाळच्या ड्यूटीवर निघायचं होतं, लेस बांधायला वाकलो आणि बोटांना गाठच मारता येईना. आधी लेसला शिवी हासडली, मग थंडीला, आणि शेवटी टोकं बुटातच कोंबून निघालो. दुपारपर्यंत तळपायांना मुंग्या आल्या. बंकरच्या पायऱ्या चढताना गुडघा असा दुमडला की मागचा जवान हसला, म्हणाला, उस्ताद, घेतली का काय.

मी हवालदार. गाव मुरुमपासून जवळच, धाराशिव जिल्ह्याच्या टोकाला, पुढं लगेच कर्नाटक. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही. गावात मला मल्लू म्हणतात. पलटणीत मला नावापेक्षा आवाजावरून जास्त ओळखायचे. परेडच्या मैदानात या टोकाला ओरडलो की त्या टोकाचा गडी सरळ उभा राहायचा. फुशारकी मारत न्हाय. तो आवाज पुढं कुठं गेला ते कळावं म्हणून सांगतोय.

मला व्यायाम शिकवणाऱ्या ताई मागं लागल्या, हवालदारसाहेब, तुमचं सगळं लिहून काढा, दुसऱ्या पेशंटांना धीर येतो. मी म्हटलं, धीर हवा असंल तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता घाबरलेला होतो. त्या म्हणाल्या, मग तेच लिहा. म्हणून तेच लिहितोय.

ते दिवस तुम्हाला आठवत असतील. घराघरात टीव्हीवर युद्ध चाललं होतं, आणि आमच्या डोक्यावरून खरोखर गोळे जात होते. अशात पाय बधिर झाले म्हणून डॉक्टरकडं कोण जातंय? मी गेलो न्हाय. दुसऱ्या दिवशी उठायला गेलो तर मीच तेवढा उठलो, पाय तिथंच पडून राहिले. मला स्ट्रेचरवरून खाली नेलं.

हातोडी

छावणीतलं हॉस्पिटल म्हणजे डोंगराच्या वळचणीला खणून बसवलेल्या लांब खोल्या. भिंतींना छतापर्यंत वाळूची पोती, दाराला कांबळ्याचा पडदा. जखमी पलीकडच्या खोलीत, आम्ही आजारी अलीकडं. जखमींकडून आवाज यायचे. आजाऱ्यांकडं सगळं शांत असायचं, आणि मला ती शांतताच जास्त नकोशी व्हायची.

डॉक्टर म्हणजे मेजर मॅडम, केरळच्या, बारीक चणीच्या, बोलायला गमतीदार. हातात छोटी रबरी हातोडी घेऊन आल्या. म्हणाल्या, आता तुमचा पाय मला लाथ मारणार, हवालदार, अधिकाऱ्याला लाथ मारायची संधी पुन्हा मिळायची न्हाय. मी हसलो. त्यांनी गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय हलला न्हाय. दुसऱ्या पायावर मारली. तोही न्हाय. मग घोट्यावर, मग कोपरावर. त्यांची गंमत तिथंच थांबली. त्या क्षणी मला कळलं की आपलं काहीतरी लई बिघडलंय. नाव त्यांनी नंतर सांगितलं, जीबीएस, नसांचा आजार.

काही दिवसांमागं पोट बिघडलं होतं का, असं त्यांनी विचारलं. बिघडलं होतं. सगळ्या पोस्टचंच बिघडलं होतं. बाकीचे बरे झाले आणि माझं शरीर माझ्याच नसांवर उलटलं. पायापासून सुरू होतं आणि वर चढतं, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, कुठपर्यंत? त्यांनी माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाल्या, बहुतेकांचं परत उतरतं.

मी जे विचारलं त्याचं ते उत्तर नव्हतं. मला मोठ्या हॉस्पिटलला हलवायला हवं होतं, पण खालच्या रस्त्यावर गोळे पडत होते आणि पेशंटासाठी हेलिकॉप्टर मिळत नव्हतं. औषध तेवढं कसंबसं वर आलं. सलाईनच्या नळीतून ते सुरू झालं आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो, आधी कोण जिंकतंय, औषध का आजार.

एका दमात

या आजारात रोज एक परीक्षा असते. ज्यांच्या घरी पेशंट असंल त्यांनी घाबरू नये म्हणून सांगतो, ती सगळ्यांचीच घेतात. छातीभरून श्वास घ्यायचा आणि एका दमात मोठ्यानं आकडे मोजायचे. जिथं दम संपला तिथं थांबायचं. छातीत किती जोर उरलाय ते त्यावरून कळतं.

माझी परीक्षा बेहेरा घ्यायचा. बेहेरा म्हणजे आमचा नर्सिंग असिस्टंट, ओडिशाचा, जाड भिंगाचा चष्मा, पायात सदा ओले बूट. पहिल्या दिवशी मी तिसाच्या पुढं गेलो आणि वर त्याला म्हटलं, लिही, हवालदाराची छाती आहे. दुसऱ्या दिवशी पंचवीस. मग वीसच्या आत. बेहेरा आकडा लिहायचा आणि तोंडावर काही दिसू द्यायचा न्हाय, पण लिहून झालं की जाताना माझा पाय उगाच थोपटायचा. पायाला ते कळायचंही न्हाय. मला मात्र दिसायचं.

आजार खांद्यापर्यंत आला. मग हात गेले. मग एका सकाळी चहा ओठांतून गळायला लागला. तोंडच ढिलं पडलं होतं. मला ओठ मिटता येईनात, म्हणजे म न्हाय, ब न्हाय, प न्हाय. ज्या आवाजावर पलटण उभी राहायची तो दारू प्यायलेल्या माणसासारखा चिखलातून यायला लागला. मॅडम सकाळ-संध्याकाळ त्यांचं बोट माझ्या डाव्या तळहातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, दाबा. मी सगळा जीव लावून दाबायचो. तळहात उघडाच राहायचा.

कोपऱ्यात एक मशीन झाकून ठेवलेलं होतं. श्वास बंद पडला तर लावायचं ते. माझ्या खाटेवरून ते नीट दिसायचं. त्याच्याकडं बघायचं न्हाय असं मी रोज ठरवायचो आणि डोळे उघडले की पहिलं तेच दिसायचं.

बसवलं

आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणी गळ्यात लिंग बांधतात, चांदीच्या डबीत, दोऱ्यानं. ते अंगापासून वेगळं करायचं न्हाय. रोज अंघोळ झाली की डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि परत ठेवायचं. फौजेतसुद्धा मी हे कधी चुकवलं न्हाय. बेहेरानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं हे काय म्हणून, आणि मी त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. डबीतून कसं काढतात, कुठल्या हातावर घेतात, आणि काय वाट्टेल ते झालं तरी अंगाला लागूनच राहिलं पाहिजे हे.

एक गोष्ट मात्र सांगितली न्हाय. माणूस गेला की आमच्यात त्याला आडवं न्हाय करत. बसवतात. पाठीला टेकू देतात, कलंडू नये म्हणून कापडानं बांधतात, आणि त्याचं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात. तसंच बसवून मातीत देतात. माझ्या वडलांना, अप्पांना, मी स्वतः तसं बसवलेलं.

त्या दिवशी दुपारी मला गुंगी होती. जाग आली तेव्हा मी बसलेला होतो. माझ्यानं बसवत नव्हतं, तरी बसलेला होतो. पाठीमागं उशा. छातीवरून काखेतून पांढरी चादर बांधलेली. गळ्याला हलकं वाटलं, डबी नव्हती. मान फिरत न्हाय म्हणून नुसते डोळे खाली वळवले, तर डावा हात मांडीवर उताणा, आणि तळहातावर लिंग.

मला वाटलं, मी मेलो.

आज हे वाचताना कुणाला हसू येईल. मला तेव्हा दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. मी मनात म्हटलं, हे लोक घाई करतायत, मला अजून दिसतंय, अजून ऐकू येतंय. ओरडायला गेलो. ओठ हलले न्हाईत, घशातून नुसती हवा गेली. अप्पांना बसवलं तेव्हा त्यांनाही असंच ऐकू येत असंल का, हा विचार मनात आला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायलाही हात न्हाय.

तेवढ्यात चाकं घरंगळल्याचा आवाज आला, माझ्या पाठीशी काहीतरी गार पाटी सरकवली, आणि बेहेरा एकदम कानाशी मोठ्यानं म्हणाला, "उस्ताद, साँस रोकिए."

छातीचा एक्स-रे होता. तो बसवून काढतात. चांदी मधे येते म्हणून डबी काढावी लागली, आणि अंगापासून वेगळं करायचं न्हाय हे माझं बोलणं लक्षात ठेवून त्या बिचाऱ्यानं हात स्वच्छ धुऊन, मी सांगितलं होतं तसंच, डाव्याच तळहातावर ठेवलं होतं. माझे डोळे बघून तो घाबरला. म्हणाला, चुकलं का काही, हात उलटा झाला का? त्याला काय सांगणार? बोलता येत असतं तरी सांगितलं नसतं. पण त्या दिवसापासून तळहातावर लिंग घ्यायची भीती बसली. बेहेरा डबी उघडायला लागला की मी डोळ्यांनीच नको म्हणायचो.

फोन

घरी काय कळवायचं हा मोठा प्रश्न होता. पलटणीतून गावात निरोप गेला की हवालदार आजारी आहेत, छावणीच्या हॉस्पिटलात आहेत, काळजी नसावी. आता तुम्हीच सांगा, गोळे पडत असताना असा निरोप आला तर फौजीच्या घरचे काय समजतील? आजारी आहे असं म्हणून हळूहळू सांगायची रीत असते, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. अंगणात माणसं जमली. चुलीवर कुणी काही चढवेना. माझी बायको गिरिजा येडशीची, धीराची बाई, पण तिनंही भावाला बोलावून घेतलं. हे सगळं मला नंतर कळलं.

मॅडमनी लाइन मिळवून दिली. बेहेरानं फोन कानाशी धरला. गिरिजाचा आवाज आला आणि मी जेवढं जमेल तेवढं बोललो. मी आहे, बरा आहे, असं म्हणायचा माझा इरादा होता. तिकडं काय पोचलं देव जाणे. ती दुसऱ्या कुणाला तरी सांगावं तसं म्हणाली, "हे कुणीतरी दुसरंच बोलतंय. माझ्या नवऱ्याचा आवाज असा न्हाय."

गोळ्यांनी नसेन तेवढा मी त्या वाक्यानं हादरलो. आपण जिवंत आहोत हे आपल्या बायकोला सांगायचंय आणि सांगता येत न्हाय, याहून वाईट मला त्या हॉस्पिटलात काही भेटलं न्हाय. मी नुसता घशातून आवाज काढत राहिलो. तिकडं बायका रडायला लागल्याचं ऐकू आलं.

मग अव्वानं फोन घेतला. माझी आई. तिनं कोण, काय, कसा, काही विचारलं न्हाय. मी पोस्टवरून फोन केला की पहिलं वाक्य तिचं ठरलेलं, जेवलास का. तेच ती तिच्या कन्नडमधून म्हणाली, "ऊटा आत?"

त्याचं उत्तर एवढंसं असतं. झालं, म्हणजे "आत." ओठ लागत न्हाईत त्याला. मी म्हटलं, "आत." माझ्याच कानाला ते स्पष्ट ऐकू आलं.

अव्वा मागं वळून गिरिजाला म्हणाली, "त्योच हाय. रडू नगा. चूल पेटवा."

भोंगा

मोजणी दहाच्या खाली गेली त्याच दिवशी संध्याकाळी भोंगा झाला. दिवे मालवले गेले. ज्यांना चालता येतं त्यांनी खंदकात जायचं असा नियम. माझ्या शेजारच्या खाटेवर सुरजित होता, पंजाबचा नाईक, न्यूमोनियाचा. त्यानं सलाईनची बाटली स्वतःच हातात धरली आणि गेला. जाताना माझ्याकडं बघून थांबला, तर बेहेरानं त्याला ढकललं.

मला गादीसकट खाली जमिनीवर घेतलं, भिंतीच्या पोत्यांशी. बेहेरानं स्वतःचं हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं, ऑक्सिजनचा मास्क नीट बसवला आणि शेजारी मांडी घालून बसला. पहिला गोळा लांब पडला. दुसरा जवळ. छतातून माती गळायला लागली, माझ्या उघड्या डोळ्यांत पडायला लागली, तर त्यानं तळहातानं माझे डोळे झाकले.

मी घाबरलो होतो. साधं घाबरणं न्हाय, पाचावर धारण बसली होती. याआधीही माझ्यावर गोळे पडलेत, पण तेव्हा पाय होते. पळायचं, लोळायचं, निदान डोकं खाली घालायचं. आता मी पोत्यासारखा पडलेला. आणि खरं सांगू का, मरायची भीती दुसऱ्या नंबरला होती. पहिली भीती ही की बेहेराला काही झालं, सिलिंडर संपलं, तर मी तिथं पूर्ण शुद्धीवर राहून एकेक श्वास कमी होताना बघणार. मी मनात अव्वाला हाक मारत होतो. लहानपणी वीज कडाडली की ती म्हणायची, अंजब्याड, भिऊ नको. मी तेच स्वतःला म्हणत होतो आणि भीत होतो.

कधी थांबलं कळलं न्हाय. कंदील लावला तेव्हा बेहेरा चष्म्यावरची माती शर्टाला पुसत होता, पण एकाच हातानं. दुसरा हात त्यानं हलवलाच न्हाय. म्हणाला, "उस्ताद, छोड़िए अब. दर्द हो रहा है."

त्याचा हात माझ्या डाव्या हातात होता. मी तो दाबून धरला होता. केव्हापासून, त्यालाही सांगता येईना. मी बोटांकडं बघितलं आणि सोडायची भीती वाटली. सोडली तर परत वळतील का?

सकाळी मॅडमनी बोट ठेवलं. दाबा म्हणाल्या. मी दाबलं. फार न्हाय, पण दाबलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि बेहेराला उगाच झापलं की इथं एवढी माती का.

दाढी

त्यानंतर उतार पडला, पण तो गोगलगायीच्या चालीनं. आधी मोजणी वाढली, मग ओठ मिटले. पहिल्यांदा मला ब म्हणता आला तेव्हा मी बेहेराचं नावच घेतलं. सुरजितनं माझी दाढी केली, माझ्या तोंडात लहान मुलाला भरवावं तसं खिमट घातलं आणि त्याबद्दल मला रोज शिव्या घातल्या. मीही शिव्या द्यायला लागलो तेव्हा त्यानं सगळ्या वॉर्डाला ओरडून सांगितलं, हवालदार ठीक झाला.

पण भीती उतरली न्हाय. उलट थोडं हातात आल्यावर जास्त भ्यायला लागलो. झोपेतून उठताना आधी पायाचा अंगठा हलवून बघायचो, मग डोळे उघडायचो. अजूनही तसंच करतो. ज्यांना हा आजार झालाय त्यांना सांगतो, असं होतं. त्यात वेड लागल्यासारखं काही न्हाय.

रस्ता मोकळा झाल्यावर मला मोठ्या हॉस्पिटलला हलवलं. बेहेरा गाडीपर्यंत आला. त्यानं माझी डबी तपासली, दोरा ओढून बघितला. मी त्याला तळहातावरची ती गोष्ट तेव्हा सांगितली. तो आधी घाबरला, मग हसला, मग चष्मा काढून उभा राहिला. म्हणाला, मला ठाऊक असतं तर मांडीवर ठेवलं असतं.

खड्डा

घरी आलो तो एका हातात काठी आणि दुसरा हात गिरिजाच्या खांद्यावर. गावानं लई माया केली. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शेताचं नाव काढलं की सगळे विषय बदलायचे. अप्पांची समाधी शेतात बांधाला आहे, मला तिथं जायचं होतं. अव्वा म्हणायची, नंतर. गिरिजा म्हणायची, ऊन आहे. माझा चुलत भाऊ बसवराज, आमचा बशा, तर मी दिसलो की वाट वाकडी करायचा. लहानपणापासून माझ्या पाठीपाठी हिंडलेला गडी.

शेवटी एका सकाळी मी काठी घेऊन एकटाच निघालो. गिरिजानं अडवून बघितलं, मग चप्पल घालून मागं आली. बशाही कुठूनसा आला, खांद्यावर फावडं. ते बघूनच मला अंदाज आला.

समाधीच्या शेजारी खड्डा होता. चौकोनी, कडा नीट घेतलेल्या, पण खोली अर्धीच. बसवायला करतात तसा.

मी काठीवर दोन्ही हात टेकले. छावणीत मी उशांना टेकून बसलो होतो तेव्हा इथं ही जागा तयार होत होती. फक्त मी यायचा बाकी होतो.

बशा खाली बघून बोलायला लागला. निरोप आला तेव्हा त्याला वाटलं, फौजेची पेटी अचानक येते, लोक जमतात, ऐनवेळी धांदल होते. दादाला नीट जागा मिळायला पाहिजे, अप्पांच्या शेजारी. म्हणून तो त्याच संध्याकाळी एकटा येऊन खणत बसला. दुसऱ्या दिवशी माझा फोन आला. मग बुजवायला त्याचा हात होईना, मोकळा खड्डा बुजवणं अशुभ वाटलं.

मी विचारलं, "अर्धाच का रे?"

"माती कडक लागली, दादा," तो म्हणाला. "आन् रडायला पन येत हुतं."

गिरिजा त्याच्यावर खेकसली, पण तिचा आवाज फाटला. मी बशाला जवळ घेतलं. एका हातानं काठी धरून दुसऱ्यानं घ्यावं लागतं म्हणून वेळ लागला. तो माझ्या खांद्यावर लहान पोरासारखा रडला. मग मी काठी त्याच्याकडं दिली, गिरिजाच्या आधारानं हळूहळू खाली बसलो, खड्ड्याच्या काठाशी. गळ्यातली डबी उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतलं. एक्स-रेच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. गिरिजानं खालून आपला हात लावला. मी बघत राहिलो. ऊन होतं, कुणाच्या तरी शेतात मोटर चालू होती, मी बसलेला होतो आणि मला स्वतःहून उठता येणार होतं. लिंग परत डबीत ठेवलं.

मग त्याच हातानं शेजारच्या ढिगातली माती घेतली. बोटं एकेक करून वळली. करंगळी सगळ्यात शेवटी. मूठ झाली. हात पुढं केला आणि खड्ड्यात माती टाकली.

बशा फावडं सरसावून पुढं आला. मी म्हटलं, "थांब रे. अजून एक टाकू दे."